बायजाबाईचा मृत्यू अमान्य

शुक्रवारची नमाज आटोपून इसहाक घरी आला, तेव्हा काम हातावेगळे केल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. रईसाने ताट वाढले. सुरमईच्या कालवणात भात कालवता कालवता त्याने सांगितले, की तिच्या नाटकाचा मार्ग मोकळा झाला आहे. इथल्या मराठी मंडळाच्या साहित्य समितीने काढलेले सगळे शेरे त्याने बंद करून टाकले असून उद्यापासून तालीम सुरू होईल.

"बंद केले म्हणजे?" रईसाने विचारले.

"क्लोज केले. समितीने मसुद्यावर शेरे पाठवले होते ना, त्यांना उत्तर द्यायची मुदत गुरुवारपर्यंत होती. मुदतीत उत्तर गेलं नाही तर शेरा मान्य धरतात. तू आठवडाभर अरवाच्या परीक्षेत अडकलेली. म्हटलं, उघडे कशाला ठेवायचे. प्रत्येकापुढे लिहून दिलं, मान्य, तसा बदल करावा."

"कुणाच्या नावाने लिहून दिलंत?"

"तुझ्याच. लेखिका तू आहेस."

"आणि बदल?"

"ते कुमारसाहेबांनी केलेसुद्धा. फार काही नाही गं. फाउंटन पेनच्या जागी टाक आला. शास्त्रीबुवांना जरा सांभाळून घेतलं. नवरा थोडा समंजस केला. आणि शेवटी बायजाबाई क्षयाने जाते."

"कुठे जाते?"

इसहाकने घास थांबवला. "मरते," तो म्हणाला.

मोबाइलमधून डोके वर न काढता अरवा म्हणाली, "अब्बा, स्पॉइलर तो मत दो."

 रईसाने कालवणाचे भांडे उचलून आत नेले. इसहाकला आणखी वाढून हवे होते. पण ते मागण्याची ही वेळ नाही, एवढे त्याला कळले.

इसहाक एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होता. त्या धंद्यात कोणतेही ड्रॉइंग एका हाताने पुरे होत नाही. ते सल्लागाराकडे जाते, सल्लागार त्यावर शेरे काढून परत पाठवतो, प्रत्येक शेऱ्यापुढे उत्तर लिहावे लागते, आणि सर्व शेरे बंद झाल्याखेरीज जागेवर एक वीटही रचता येत नाही. उघडा राहिलेला शेरा म्हणजे रखडलेले काम, आणि रखडलेल्या कामाचा पहिला जाब इसहाकला द्यावा लागे. त्यामुळे उघडा शेरा दिसला की तो बंद करण्याची त्याच्या हातालाच सवय जडली होती. मंडळाचे चिटणीस कुमारसाहेब त्याच कंपनीत त्याचे वरिष्ठ होते. स्नेहसंमेलनासाठी येणाऱ्या एकांकिकांनाही त्यांनी हीच शिस्त लावली होती. मागच्या वर्षी एका प्रहसनावर इतके शेरे आले, की ते मंचावर आले तेव्हा त्यातला विनोद कुठे होता हे लेखकालाही सांगता येईना. मात्र ते वेळेवर आले, याचे सर्वांनी कौतुक केले होते.

रईसाचे नाटक अठराशे सत्तरच्या सुमाराच्या मुंबईत घडत होते, आणि बायजाबाई ही तिने स्वतः कल्पिलेली बाई होती. रत्नागिरीच्या कॉलेजात मराठी शिकताना त्या काळाविषयी तिने पुष्कळ वाचले होते: मासिके, सभा, छापखाने, खंडनमंडन. त्या सगळ्या गजबजाटात घरातली बाई नेमकी कुठे उभी होती, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मनात राहिला. या आखाती शहरात, अल मलाझ वस्तीतल्या फ्लॅटमध्ये, दुपारी अरवा शाळेत असताना, तिने त्याचे उत्तर लिहायला घेतले.

बायजाबाईचा नवरा त्रिंबकराव गिरगावात शिळाछापखाना चालवतो. दर बुधवारी त्याच्या दिवाणखान्यात बैठक भरते. बैठकीला एक संपादक येतात, एक शास्त्रीबुवा येतात, विलायती पुस्तके मागवून वाचणारे एक डॉक्टर येतात, आणि कलाशाळेत शिकलेला एक चित्रकार येतो, जो छापखान्यासाठी देवादिकांची चित्रे दगडावर उलटी काढून देतो. स्त्रीशिक्षण हा बैठकीचा आवडता विषय. बायजाबाई आतल्या दाराआड उभी राहून तो ऐकते, आणि फराळाची ताटे रिकामी झाली की भरून पाठवते.

चित्रकाराला सरस्वतीच्या चित्रासाठी हात हवे असतात. त्रिंबकरावांच्या परवानगीने तो बायजाबाईला पुस्तक घेऊन बसवतो. "पुस्तक नुसते धरा," तो सांगतो. "उघडू नका. उघडले तर बोटांची ठेवण बिघडते."

बायजाबाई लिहिते. तिची गोष्ट एका बाईची आहे, जी आजारी बहिणीला भेटायला एकटीच तरीत बसून खाडीपलीकडे जाते. त्रिंबकराव ती गोष्ट एका स्नेह्याचे लेखन म्हणून बैठकीत वाचून दाखवतात. ती सर्वांना आवडते, आणि आवडते म्हणूनच सर्व जण ती सुधारायला घेतात. शास्त्रीबुवा भाषा शुद्ध करतात. डॉक्टरांना बहिणीच्या आजाराचे निदान कच्चे वाटते. संपादक म्हणतात, बाई एकटी तरीत बसली तर वर्गणीदार तुटतील, सोबत भाऊ द्यावा. भाऊ आल्यावर तो साहजिकच बोलू लागतो, आणि छापून येते तेव्हा ती गोष्ट भावाची झालेली असते. वर नाव त्रिंबकरावांचे.

शेवटच्या प्रवेशात, एका बुधवारी, बायजाबाई दाराआड थांबत नाही. ती दिवाणखान्यात येते, चित्रकाराची खुर्ची ओढून घेते आणि आपली गोष्ट मुळात होती तशी वाचू लागते. पुरुष एकामागून एक उठून जातात. ती वाचत राहते. त्यानंतरची सगळी वर्षे तीच प्रेक्षकांना सांगते: स्वतःचे मासिक काढले, ते बुडाले, पुन्हा काढले, सत्तरी गाठली, दात गेले, तिखट सुटले नाही. तिथे पडदा पडतो.

समितीच्या मसुद्यात ती खुर्चीवर बसण्याआधीच खोकू लागत होती. त्रिंबकरावांच्या पायांशी तिचा अंत होई. तिच्या पश्चात ते गोष्ट तिच्या नावाने छापत, आणि प्रस्तावना वाचताना त्यांचा कंठ दाटून येई.

शनिवारी संध्याकाळी तालमीला जाताना गाडी रईसा चालवत होती. लायसन्स मिळाल्यापासून शहरातली गाडी तीच चालवी. इसहाक शेजारी बसून वळणे सांगे. त्या दिवशी त्याने एकही वळण सांगितले नाही.

"एक विचारू?" सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली. "ऑफिसात दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर त्याच्या नावाने तुम्ही सही करता?"

"भलतंच काय. नोकरी जाईल."

"मग माझ्या नावाने कशी केलीत?"

इसहाकने समोरच्या गाडीचा नंबर वाचला. "हे घरचं होतं," तो म्हणाला.

सिग्नल सुटला. मागच्या टॅक्सीने हॉर्न वाजवला, तरी ती क्षणभर थांबली आणि मग निघाली.

"रईसा, कुमारसाहेबांशी जरा जपून बोल. हाइलच्या साइटला एक माणूस पाठवायचा आहे. कोण, ते अजून ठरलेलं नाही."

"हाइलला रस्ता जातो ना?"

"जातो. लांब आहे."

"मग मी चालवीन."

मंडळाच्या अध्यक्षा विभावरीताई परदेशी कुटुंबांसाठीच्या एका बंदिस्त कंपाउंडमधल्या प्रशस्त घरात राहत. पूर्वी त्या भारतीय शाळेत शिकवीत. मंडळातल्या निम्म्या मुलांना पाढे त्यांनीच शिकवले होते. त्यांच्या दिवाणखान्यातले सोफे भिंतीला लावून मध्ये जागा केली होती, आणि त्या जागेत अपेक्षा खोकत होती. ती एका दवाखान्यात परिचारिका होती आणि नाटकात बायजाबाई करणार होती. चिटणीस कुमारसाहेब हातात सुधारित मसुदा धरून तिच्या समोर उभे होते.

"खोकला एकदम नको," ते सांगत होते. "तिसऱ्या वाक्यापासून सुरू कर. मग वाढवत ने. हळूहळू."

"कुठपर्यंत वाढवू, सर? शेजारचे येतील."

"ये रईसा, ये," विभावरीताईंनी हात धरून तिला आत घेतले. "काय शेवट झालाय गं. मी काल वाचतानाच रडले. आमच्या यांनी विचारलं, भारतातून फोन आला का म्हणून."

"कुणी लिहिला हा शेवट, विभावरीताई?"

विभावरीताईंनी कुमारसाहेबांकडे पाहिले. कुमारसाहेबांनी हसून मसुदा बंद केला. ते वाईट गृहस्थ नव्हते. मंडळाचा गणपती, दिवाळी, रक्तदान हे सर्व त्यांच्यामुळे सुरळीत होई, आणि गोष्टी सुरळीत होणे म्हणजेच त्या चांगल्या होणे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"वहिनी, शेरा तुम्ही मान्य केलात, म्हणून लिहिला. लेखी उत्तर आहे."

"मी मान्य केलेला नाही."

"उत्तर तुमच्या नावाचं आहे."

"ते यांनी लिहिलं. मला न विचारता."

सर्वांनी इसहाककडे पाहिले. इसहाक स्वतःच्या मोज्यांकडे पाहत होता.

"मग ते तुम्ही दोघं घरी मिटवा," कुमारसाहेब म्हणाले आणि दोघे-तिघे हसले. "समितीच्या दृष्टीने शेरा बंद झालेला आहे. बंद झालेला शेरा पुन्हा उघडायचा तर सगळा मसुदा पहिल्यापासून फिरवावा लागेल. तेवढे दिवस आहेत कुठे? स्नेहसंमेलनाला इस्तिराहाचं फार्महाउस बुक झालेलं आहे, कामगारांच्या कॅम्पच्या बसेस सांगितलेल्या आहेत."

तालमीच्या त्या मोकळ्या जागेत एकच खुर्ची होती. रईसा जाऊन तिच्यावर बसली आणि तिने हात पुढे केला. "शेरे द्या."

"आता?"

"मुदत टळली, ते मला कळलं. तरी द्या."

कुमारसाहेबांनी कागद दिले, कारण न देण्यासारखे त्यात काही नव्हते. रईसाने चष्मा लावला आणि पहिला शेरा मोठ्याने वाचला.

"बायजाबाई फाउंटन पेनने लिहिते असे दाखवले आहे. त्या काळी ते आपल्याकडे नव्हते. टाक असावा." ती थांबली. "हे बरोबर आहे. माझी चूक. टाक."

कुमारसाहेबांच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसू लागली.

"त्रिंबकराव पत्नीचे लेखन स्वतःच्या नावाने छापतात, यातून त्यांच्याविषयी गैरसमज होतो. त्यांचा हेतू स्पष्ट करावा. अमान्य. हेतू चांगला होता म्हणूनच ते जास्त वाईट आहे. पुढचा. बैठकीतील विद्वान उठून जातात, हे त्या थोर पिढीवर अन्याय करणारे आहे. निदान एकाने थांबावे. अमान्य. थांबायला कुणी मनाई केली नव्हती. त्यांच्या पायांना विचारा." तिने पान उलटले. "अशा घरातील रीतिरिवाज लेखिकेने एखाद्या माहितगाराकडून तपासून घ्यावेत. हा कुणाचा शेरा?"



"त्यात वावगं काही नाही, वहिनी," कुमारसाहेब म्हणाले. "म्हणजे ते घर, ते सोवळंओवळं, तुमच्याकडे जरा वेगळं असतं, एवढंच."

"रिवाज म्हणजे दाराआड उभं राहायचा ना? तो मी तपासून घेतलेला आहे, कुमारसाहेब. दारं आमच्याकडेही असतात."

अपेक्षाला हसू आले आणि ते लपवण्यासाठी ती खोकली. या वेळचा खोकला फार नैसर्गिक होता.

विभावरीताई खुर्चीजवळ येऊन बसल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "रईसा, माझं ऐक. हे सगळं खरं असेल. पण आपल्यापुढे बसणार कोण? कॅम्पमधली माणसं. वर्षातून एकदा येतात. घर सोडून आलेली माणसं आहेत, त्यांना एकदा रडून मोकळं व्हायचं असतं. म्हातारी होऊन तिखट खाणारी बाई दाखवलीस, तर ही माणसं रडणार कशावर?"

 हा शेरा समितीच्या कागदांवर नव्हता, आणि तो खोटाही नव्हता. रईसाने चष्मा काढला.

"ताई, त्यांच्या बायका घरी जिवंत आहेत," ती म्हणाली. "सासूसासरे, पोरं, गळणारी कौलं, सगळं सांभाळतायत. कुणी म्हाताऱ्या होत चालल्यात. तशी एक बाई त्यांना समोर दिसली, तर ती रडतील की हसतील, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. पण मेलेली बाई दाखवून रडवलं, तर ती माणसं कॅम्पवर जाऊन झोपतील. मग माझं नाटक कशाला? कांदा चालेल."

"ठीक आहे," कुमारसाहेबांनी घड्याळ पाहिले. "असं करू. लेखन साहित्य समितीचं, मूळ कल्पना तुमची. तसं निवेदनात सांगू. मग तुमच्यावर काही बालंट नाही."

"माझं नाव घालू नका. आणि नाटकही करू नका. बायजाबाई माझी आहे. ती तुमच्या हातून मरणार नाही."

"वहिनी, ती काल्पनिक आहे."

"म्हणूनच सांगते. खरी असती तर एव्हाना कधीतरी मेलीच असती, मला कुणी विचारायला आलं नसतं. हिला मारायला माझी परवानगी लागते. ती मी देत नाही."

 अपेक्षाने कमरेला खोचलेला पदर सोडला. "मग मीही खोकत नाही, सर," ती म्हणाली. "आठवडाभर दवाखान्यात तेच ऐकते. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच कशाला?"

निर्णय अध्यक्षांना द्यावा लागला. विभावरीताईंनी तो फार नाखुशीने दिला: नाटक रद्द, त्या वेळात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. रईसा उठली. तिच्या हातातले कागद तिने कुमारसाहेबांना परत केले.

"वाईट वाटून घेऊ नकोस," विभावरीताई दारापर्यंत आल्या.

"वाटतंय, ताई. पुष्कळ मेहनत केली होती. पण रद्दच झालं ना? ती मेली तर नाही."

परतीच्या वाटेवर इसहाकने वळणे सांगण्याचा प्रयत्न केला. रईसाने त्याला थांबवले. "रस्ता मला माहीत आहे. तिथे बोलला असतात तर बरं झालं असतं."

पुढचे काही दिवस घरात आवश्यक तेवढेच बोलणे झाले. रईसा रागावून बसणाऱ्यांपैकी नव्हती. ती स्वयंपाक करी, अरवाला शाळेतून आणी, फोनवर माहेरी बोले. मात्र इसहाकने काही विचारले की ती म्हणे, "तुम्हीच लिहून टाका, मान्य म्हणून." जेवायला काय आहे, याचेही उत्तर ती तसेच देऊ लागली, तेव्हा इसहाकची झोप उडाली.

बुधवारी ऑफिसातून आल्यावर तो कपडे न बदलता जेवणाच्या टेबलापाशी बसला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने एक मजकूर लिहिला. लिहून झाल्यावर त्याने तो रईसाला दाखवला. पाठवण्याआधी दाखवला, ही गोष्ट तिने मनात नोंदवली. मजकूर असा होता: "साहित्य समितीच्या शेऱ्यांना दिलेली उत्तरे माझी होती. लेखिकेला ती ठाऊक नव्हती. तिच्या नावाने उत्तरे देण्याचा मला अधिकार नव्हता. ती सर्व उत्तरे मी मागे घेत आहे. इसहाक."

"पाठवू?"

"कुमारसाहेब वाचतील."

"त्यांच्यासाठीच आहे."

त्याने पाठवला. ग्रुपवर कुणीही काही लिहिले नाही. एका गृहस्थांनी सवयीने हात जोडल्याचे चित्र टाकले आणि मागाहून पुसले. अरवा वडिलांच्या खांद्यावरून डोकावून पाहत होती. "नो रिप्लाय, अब्बा," ती म्हणाली. "मतलब मान्य?"

रईसा हसली. तालमीनंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी इसहाकची बदली हाइलच्या साइटवर झाल्याचा मेल आला. त्यात कारण दिलेले नव्हते, आणि मागण्यासारखेही नव्हते. माणूस कुणीतरी जायचाच होता. इसहाकने घरी येऊन सांगितले तेव्हा रईसा कपाटातून चादरी काढत होती.

"शाळेचं वर्ष संपेपर्यंत मी आणि अरवा इथेच राहू," ती म्हणाली. "गुरुवारी सुट्टी लागली की आम्ही येऊ, नाहीतर तुम्ही या. उद्या मात्र तुम्ही इथे आहात ना?"

"आहे. का?"

"सोफे हलवायचे आहेत. नाटक इथे वाचतोय. अपेक्षाला सांगितलंय."

"मंडळाला विचारलंस?"

"माझ्या हॉलमध्ये बसायला?"

शुक्रवारी दुपारनंतर माणसे येऊ लागली. इमारतीतल्या बायका आल्या, शेजारच्या दोघी मलयाळी आपल्याला भाषा कळणार नाही हे माहीत असूनही आल्या. इसहाकच्या साइटवरचा सुतार पांडू कॅम्पमधून खोलीतल्या दोघा सोबत्यांना घेऊन आला आणि आत जाऊन भिंतीपाशी मांडी घालून बसला. विभावरीताई सर्वांत शेवटी आल्या. "मी अजूनही म्हणते, तिने मरायला हवं होतं," त्यांनी दारातच जाहीर केले आणि चांगलीशी जागा पाहून बसल्या.

त्रिंबकरावांचे काम करणारा शर्विल आला नाही. तोही कुमारसाहेबांच्या हाताखाली होता. त्याने मेसेजमध्ये पोटदुखी कळवली होती. अपेक्षाने मसुदा इसहाकपुढे धरला. "भाईजान, नवरा तुम्हीच वाचा. सराव आहे."

इसहाकने तो घेतला. संपादक, शास्त्री, डॉक्टर, चित्रकार ही सगळी कामे इमारतीतल्या बायकांनी वाटून घेतली होती, आणि त्या ती फार आनंदाने करत होत्या. शास्त्रीबुवांना तर खालच्या मजल्यावरच्या फरहानाने असे रंगवले, की मलयाळी शेजारणीही हसू लागल्या. इसहाक मात्र ड्रॉइंगची यादी वाचावी तसा एका सुरात वाचत होता. गोष्ट छापायला देण्याच्या प्रवेशात तो अडखळला. तिथे त्रिंबकरावांचे वाक्य होते: "माझ्या नावाने जाऊ दे, बायजा. तुझ्याच भल्याचे आहे. लोक निदान वाचतील तरी."

"माझ्या नावाने," इसहाक म्हणाला, आणि थांबला.

अपेक्षाने त्याच्याकडे पाहिले. रईसा कुणाकडेच पाहत नव्हती. तिची नजर कागदावर होती.

"वाचा साहेब," भिंतीपासून पांडू म्हणाला. "पुढं काय म्हणतो तो?"

इसहाकने ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचले, या खेपेस मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत.

शेवटच्या प्रवेशाशी आल्यावर अपेक्षाने कागद खाली ठेवले. "हे तू वाच, ताई," ती म्हणाली. "मी वाचलं तर मला उगाच खोकला येईल." रईसा उठून मधल्या खुर्चीवर बसली. तिने तरीतल्या बाईची गोष्ट वाचायला घेतली: पाणी चढू लागलेले, नावाड्याने सोबत कोण आहे असे विचारलेले, आणि बाईने उत्तर न देता स्वतःचे गाठोडे स्वतः आत टाकलेले. त्या वाक्याला पांडूच्या सोबत्याने "हां" म्हटले, घरातल्या कुणाविषयी म्हणावे तसे. बैठकीतले पुरुष झालेल्या बायका एकेक करून उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्या ऐकू लागल्या.

तेवढ्यात बाहेरचे दार उघडले. ते नुसते लोटलेले होते. उंबऱ्यात कुमारसाहेब उभे होते, पायांत बूट तसेच. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. विभावरीताई दिसल्यावर ते थोडे गोंधळले.

"इसहाक," ते म्हणाले, "हे मंडळाच्या नावाने चाललेलं नाही ना? एवढंच विचारायला आलो. उद्या मला उत्तर द्यावं लागतं."

वरिष्ठांचा आवाज ऐकल्याबरोबर उठून उभे राहण्याची इसहाकची सवय जुनी होती. तो अर्धा उठला. मग त्याने आजूबाजूला पाहिले, आणि पुन्हा खाली बसला.

"नाव माझं आहे, कुमारसाहेब," रईसा खुर्चीवरून म्हणाली. "शेवट चालू आहे. आत या, नाहीतर दार लावून घ्या. एसी सुरू आहे."

कुमारसाहेबांनी काय केले ते तिने पाहिले नाही. तिचे वाक्य अर्धवट राहिले होते. ओळीवर बोट ठेवून तिने ते पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतले.